गोधडीची बखर

ब्रिटिश अमदानीत मध्यप्रांताची जी जिल्हावार गॅझेटियरे निघाली, त्यांपैकी रायपूर जिल्ह्याचे गॅझेटियर ए. ई. नेल्सन यांच्या संपादनाखाली १९०९ साली प्रसिद्ध झाले. पुढे सात वर्षांनी, १९१६ मध्ये, आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्यप्रांतातील जातिजमातींवरील चार खंडांचा ग्रंथ बाहेर पडला. या ग्रंथात कोष्टी आहेत, पनका आहेत, रंगारी आहेत, दर्जी आहेत. माग कोण चालवतो, रंग कोण देतो आणि कापड कोण बेततो, याची टिपणे मोठ्या निष्ठेने केलेली आहेत. परंतु तेच कापड विरल्यावर त्याचे पुढे काय होते, ही पृच्छा त्या काळच्या सरकारी दप्तरास फारशी सुचलेली दिसत नाही. शिरगणतीत शिंप्याला रकाना होता. घरात बसून जुनेरे सांधणाऱ्या बाईला नव्हता. कारण उघड आहे. तिच्या कामाला मजुरी नव्हती, आणि ज्याला मजुरी नाही त्याला रकाना नाही. तेव्हा गोधडीची हकीकत जुळवावयाची तर दप्तराच्या आधाराने फार दूर जाता येत नाही. ती शब्दांतून, चालीरीतींतून, कापडाच्या बाजारभावातून आणि खुद्द गोधडीच्या थरांतून काढावी लागते.

रायपूरचे नाव आरंभीच घेतले याला कारण आहे. छत्तीसगडाचा आणि मराठी माणसाचा संबंध १७४१ सालापासूनचा. त्या वर्षी नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करपंत रतनपुरावर चालून गेले. पुढे १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरात राहून तो मुलूख सांभाळला. १८१८ नंतर इंग्रजी देखरेख आली तेव्हा कर्नल अॅग्न्यू यांच्या वेळी कारभाराचे ठाणे रतनपुराहून रायपुरास हलले, आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्यच खालसा झाले. मात्र त्यानंतरही शंभर वर्षे रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात नांदली. कचेरीतला कारकून, शाळेतला मास्तर, रेल्वेतला बाबू, वकील, वैद्य असा मराठी मध्यमवर्ग रायपुरात रुजला तो या सलगतेमुळे. १९०० साली 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढणारे माधवराव सप्रे आणि त्यांचे सहकारी वामनराव लाखे ही त्याच वर्गातली माणसे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेरमांडणी झाली. विदर्भ एकीकडे गेला, रायपूर दुसरीकडे. माणसे होती तेथेच राहिली. रायपूरच्या शंकर नगरासारख्या वस्तीत आज मराठी घराच्या भिंतीला लागून छत्तीसगडी घर असते, आणि थंडीच्या दिवसांत दोन्ही गच्च्यांवर जे एकच पांघरूण उन्हाला पडते त्याला एका घरात गोधडी म्हणतात, दुसऱ्या घरात कथरी.

हे दोन्ही शब्द नीट पाहण्यासारखे आहेत. कथरीचे मूळ संस्कृत 'कंथा' या शब्दात आहे, आणि बंगाल्यातील कांथाही त्याच घरची. भर्तृहरीच्या वैराग्यशतकात भिक्षा मागणाऱ्या विरक्ताच्या अंगावर शतशः विरलेली कंथा आहे. नाथजोग्यांच्या वेषातही कंथेला मानाचे स्थान आहे. गोधडीचे नाते हिंदीतल्या गुदडीशी. आपल्याकडे याखेरीज 'वाकळ' हा शब्द चालतो. तो वल्कलावरून आला असे सांगतात. खेड्यातली वाकळ जाड, बोजड, अंथरूण आणि पांघरूण या दोन्ही कामी येणारी. गोधडी त्या मानाने मवाळ. आणि तान्ह्या मुलाचे ते दुपटे. कानडी मुलखात हीच वस्तू कौदी होते. शब्द निराळे असले तरी कृती एकच: विरलेल्या कापडाचे थर एकावर एक घालावयाचे आणि धावदोऱ्याने ते एकजीव करावयाचे. एकट्या थराच्या अंगी जी ऊब उरलेली नसते ती चार थरांत पुन्हा येते. थरांमध्ये अडकून राहिलेली हवा थंडी अडवते, हे भौतिकशास्त्र पाठ्यपुस्तकात शिरण्याच्या कितीतरी आधी सुईला ठाऊक होते.

ठिगळांच्या वस्त्राचा सर्वांत जुना तपशीलवार उल्लेख शोधू गेल्यास तो बौद्ध विनयग्रंथात सापडतो. दक्षिणगिरीकडे जात असता भगवान बुद्धांनी मगधातील बांधबंदिस्त शेते पाहिली, चौकोनी, मध्ये बांध, बांधांना छेद देणारे आडवे बांध. आणि आनंदाला विचारले की भिक्षूंची चीवरे अशी करता येतील काय. आनंदाने तुकडे बेतून तशी चीवरे तयार केली. महावग्गात ही कथा आहे, आणि तिच्यासोबत दिलेले कारण फार व्यवहारी आहे. कापलेल्या, सांधलेल्या वस्त्राला बाजारात मोल राहत नाही, म्हणून चोराची त्यावर नजर जात नाही. भिक्षूने उकिरड्यावरून, स्मशानातून वेचलेल्या चिंध्यांचे वस्त्र करावे, ही 'पांसुकूल' चीवराची चाल याच परंपरेतली.

स्मशानातली चिंधी भिक्षूने वेचली तर ते व्रत झाले. परंतु त्याच चिंधीची दुसरी कथाही याच भूमीवर घडली, आणि ती टाळून गोधडीचे गोडवे गाणे अप्रामाणिकपणाचे होईल. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मृतांची वस्त्रे वापरावीत असा दंडक आहे. महाराष्ट्रातील गावगाड्यात महारांच्या 'हक्कां'त मढ्यावरच्या कापडाचाही समावेश असे. एकाने स्वेच्छेने उचललेले वस्त्र पूज्य ठरले, तेच दुसऱ्याच्या माथी मारले गेले तेव्हा ती त्याच्या हीनत्वाची खूण झाली. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्त्रियांपुढे बोलले तेव्हा लुगडे कसे नेसावे, दागिने कोणते टाकावेत याविषयी त्यांनी आवर्जून सांगितले. ज्यांच्या अंगावरचे वस्त्र शतकानुशतके दुसऱ्यांनी ठरवले, त्यांना वस्त्राचा प्रश्न किरकोळ कसा वाटेल? म्हणून एखाद्या घराने गोधडी हौसेने मिरवावी आणि दुसऱ्याने पाहुणा आला की ती माळ्यावर लपवावी, यात नवल काही नाही. दोघांच्या आठवणी निराळ्या आहेत.

या दोन कथांच्या मध्ये उभा असलेला एक महापुरुष विदर्भाने पाहिला. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली परीट कुळात जन्मलेल्या डेबूजी झिंगराजी जानोरकर यांनी १९०५ मध्ये घर सोडले, अंगावर चिंध्यांचे वस्त्र घेतले, हातात खराटा आणि डोक्यावर गाडगे. गाडगेबाबा हे नाव सर्वतोमुखी झाले. परंतु कित्येक गावांत लोक त्यांना गोधडे महाराज म्हणूनच ओळखत. परिटाच्या घरी गावातल्या सर्वांचे कपडे येतात, कोणाचे रेशमी, कोणाचे फाटके. कपड्यावरून माणसाची किंमत कशी ठरते हे त्या घरापेक्षा अधिक कोणाला कळणार? डिसेंबर १९५६ मध्ये बाबांनी देह ठेवला तोपर्यंत त्यांच्या शब्दावर पंढरपूर, नाशिक, मुंबई येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या होत्या, आणि बाबांच्या अंगावर मात्र चिंध्याच होत्या.

सुईचा विषय निघाला की मराठी मनाला आणखी एक नाव आठवते ते नामदेवांचे. शिंपी कुळात जन्मलेल्या या संताची गुरु ग्रंथ साहिबात जी पदे आहेत, त्यांतल्या एकात गज, कातर, सुई आणि दोरा ही सारी हत्यारे भक्तीच्या कामी लागलेली आहेत. एरवी आपल्या धर्माचारात शिवलेल्या कपड्याला फारसा मान नव्हता. सोवळे न शिवलेले असावे, धूतवस्त्र वा रेशमी. फार तर धाबळी चालेल. तुकड्यातुकड्यांची, शेकडो टाके पडलेली गोधडी तर देवघराच्या उंबऱ्याशीही नको. गंमत अशी की, ज्या घरात तिला सोवळ्यात स्थान नव्हते, त्याच घरात नवजात अर्भकाला पहिला स्पर्श तिचाच होई. बाळाला कोरे कापड घालीत नाहीत. आजीच्या मऊ झालेल्या लुगड्याचे दुपटे, त्याचेच झबले, टोपडे आणि कुंची. खळीच्या कोऱ्या कापडाने नाजूक कातडी सोलवटते, आणि वर्षानुवर्षे धुतलेले सुती कापड लोण्यासारखे होते. शास्त्राच्या आधी अनुभवाने घातलेली ही रीत आहे.

आता एका लुगड्याचा जीवनक्रम पाहू. नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट. नव्या लुगड्याची घडी सणासुदीला मोडे. मग ते रोजच्या नेसणीत येई. नेसत्या लुगड्याचा झिजण्याचा एक ठरावीक क्रम असतो. बसण्याउठण्याने मधला भाग आधी विरतो, काठ आणि पदर टिकून राहतात. तेव्हा विरलेला भाग काढून टाकून उरलेले दोन तुकडे मध्ये जोडीत. याला 'दंड घालणे' म्हणत. दंडाचे लुगडे नेसणे म्हणजे ओढगस्त, असा अर्थ भाषेनेच ठरवून टाकला आहे. दंडाचेही लुगडे विटले की ते जुनेर झाले. त्यातून चांगला भाग निघाला तर लहान मुलीचा परकर, नाहीतर उशीचा अभ्रा. उरलेले गोधडीकडे. गोधडीतूनही जे निसटे त्याची पाणी आणावयाच्या घागरीखाली चुंबळ होई, पानतंबाखूची चंची होई, मुलीच्या खेळातली बाहुली होई. चुंबळ फाटली की फडके, फडके फाटले की सारवणाचे पोतेरे, आणि त्यातूनही धडशी उरली ती चिंधी काकड्याला. जळून राख होईपर्यंत कापडाची नोकरी संपत नसे. मराठीत फाटक्या कापडाला किती शब्द आहेत ते मोजून पाहावे: जुनेर, धडोते, फडके, चिरगूट, लक्तर, चिंधी, पोतेरे, बोळा, कात्रण. प्रत्येकाची पायरी वेगळी. ज्या समाजाला कापडाची एवढी उतरंड नावानिशी ठाऊक होती, त्याला कापड किती महाग पडत होते हे निराळे सांगावयास नको.

गोधडी घालण्याचे काम उन्हाळ्यात निघे. सुगी उरकलेली, पाऊस लांब, दिवस मोठा. अंगण सारवून त्यावर खालचे तोंड म्हणून एक लुगडे पसरीत. नऊवारीची लांबी चार ठिकाणी दुमडली की प्रत्येक पट पावणेसात फुटांचा होतो, म्हणजे उंच माणसाच्या पायालाही पुरणारा. दोन पट रुंदीत जोडले की एक तोंड, उरलेले दोन जोडले की दुसरे. एका लुगड्यात पूर्ण गोधडीची दोन्ही अंगे निघतात. नऊ वारांचे माप नेसण्यासाठी ठरले हे खरे, पण पांघरण्यालाही ते असे चपखल बसते. पहिल्या तोंडावर आतला ऐवज मांडावयाचा: धोतरांची पाने, सदऱ्यांच्या पाठी, फेट्यांचे तुकडे. सदऱ्याची कॉलर, गुंड्या, जाड शिवणी आधी उसवून काढावयाच्या, नाहीतर पाठीला रुततात. कोठे थर पातळ राहिला, कोठे दाट झाला हे हाताने चाचपून सारखे करावयाचे. मग वरचे तोंड घालून, चारही कोपऱ्यांवर पाटे-वरवंटे किंवा दगड ठेवून कापड ताणून घ्यावयाचे आणि काठाला लांब टाके टाकून घ्यावयाचे.

खरे शिवण त्यानंतरचे. सुई काठापासून निघते आणि चौकोनामागून चौकोन घालीत मध्याकडे येते. बाहेरून आत येण्यात हिशेब आहे. काठ आधी पक्का झाला की आतले तुकडे सरकत नाहीत, आणि दोन-तीन बायकांना चहू बाजूंनी बसून एकाच वेळी काम करता येते. टाका बारीक असला तर गोधडी टिकते पण कडक होते. लांब असला तर मऊ राहते पण मुलाच्या पायाच्या अंगठ्यात दोरा अडकून तुटतो. ज्या बाईला हे मध्य साधे तिला आळीत बोलावणे येई. वरच्या तोंडावर रंगीत तुकड्यांचे चौकोन, त्रिकोण, क्वचित पोपट, तुळशीवृंदावन किंवा कमळ लावण्याची हौसही असे, आणि चोळीचे खण बेतताना शिंप्याकडे जी तिरकस कात्रणे पडत ती या कामी फार उपयोगाची. परंतु हौस मुख्य नव्हे. अलीकडे गोधडीवर जे लिहिले जाते त्यात रंगसंगतीचे कौतुक फार आणि हातातल्या कापडाच्या टंचाईची जाण थोडी, असे आढळते. निळ्याशेजारी लाल का आला? बहुधा निळे संपले म्हणून.

येथे एका समजाची तपासणी आवश्यक आहे. गोधडी ही जुन्या, स्वयंपूर्ण खेड्याची वस्तू, आणि गिरण्या आल्यावर ती मागे पडली, असे सर्रास मानले जाते. घटनाक्रम पाहता उलटे मानावयास बरीच जागा आहे. हातमागाचे जाडेभरडे कापड महाग होते आणि गरिबाच्या घरी त्याचे नग मोजकेच असत. अंगावरचे फाटून नाहीसे होईपर्यंत वापरले जाई. त्यातून गोधडीसाठी उरणार किती? रात्री उबेला घोंगडी, आणि तीही नसली तर आगटी. चित्र पालटले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत कापडगिरणीची कंपनी काढली. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी माजली, तिकडचा कापूस बंद झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ मध्ये मुंबईची आगगाडी नागपुरास पोहोचली. जाताना ती कापूस नेई, येताना मँचेस्टरचे कापड आणी. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली, आणि शतक संपण्यापूर्वी रायपूरशेजारच्या राजनांदगावातही कापडाच्या गिरणीचा भोंगा वाजू लागला. ही राजनांदगावची गिरणी पुढे १९२० साली ठाकूर प्यारेलाल सिंह यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या दीर्घ संपामुळे इतिहासात नोंदली गेली.

गिरण्यांनी विणकर बुडाला, यात शंका नाही. छत्तीसगडातील पनका आणि नागपूरकडचे कोष्टी यांची त्यात धूळधाण झाली. परंतु त्याच गिरण्यांनी गरीब घरात पहिल्यांदा दुसरे लुगडे आणले. रंगीत छिटे आली, पक्क्या दोऱ्याची रिळे आली. घरात जुने कापड साठू शकले ते तेव्हा. नाना रंगांच्या तुकड्यांची जी गोधडी आपण 'परंपरागत' म्हणतो, ती आजच्या रूपात पुष्कळ अंशी गिरणीच्या कापडाची लेक आहे. परंपरा म्हणून जे आपण जपतो त्याचे वय कधीकधी आगगाडीएवढेच निघते.

ही लेक पुढे कठीण काळात उपयोगी पडली. दुसऱ्या महायुद्धात गिरण्यांचे कापड सैन्याकडे वळले, भाव कडाडले, आणि जून १९४३ मध्ये सरकारने कापड व सूत यांवर नियंत्रण आणणारा हुकूम काढला. थानावर किंमत छापून येऊ लागली. 'कंट्रोलचे कापड' हा शब्द घराघरात रुळला. त्या वर्षांत सदऱ्याची कॉलर उलटून शिवणे, धोतराचे पंचे करणे, बापाच्या कोटातून मुलाचा कोट काढणे ही पांढरपेशा घरांतलीही नित्याची कामे झाली. गरिबीची जी विद्या शेतकऱ्याच्या घरी पिढीजात होती, ती कारकुनाच्या घराने त्या टंचाईत शिकून घेतली.

तोवर सुईचे शिक्षण शाळेतही शिरले होते. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन उभे केले तेव्हा विधवा आणि गरजू स्त्रियांच्या शिक्षणात शिवणकामाला जागा मिळाली. चार पैसे मिळवून देणारी ती विद्या होती. मुलींच्या शाळांतून शिवणाचा तास आला, आणि त्यासोबत टाक्यांच्या नमुन्यांची वही: धावदोरा, उलटी टीप, हेम, काज. नमुने घालावयास नवे कापड कोण देणार? घरातली कात्रणे चालत. त्या कात्रणांतूनच पहिला बटवा, पहिला रुमाल, देवापुढचे आसन, सुया टोचून ठेवण्याची गादी निर्माण होई. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यास गांधीजींच्या उपस्थितीत शिक्षण परिषद भरली, हस्तव्यवसायातून शिक्षण हे सूत्र निघाले, आणि मूळचे रायपूरचे वकील असलेले पंडित रविशंकर शुक्ल यांनी मध्यप्रांतात विद्यामंदिर योजना पुढे मांडली. वर्ध्याच्या योजनेत मान मिळाला तो टकळीला आणि चरख्याला. जुने सांधण्याच्या कलेला त्यातही स्वतंत्र स्थान मिळाले नाही. नवे निर्माण करणे हा उद्योग, आणि जुने टिकवणे हे घरकाम, अशी समजूत शिक्षणतज्ज्ञांचीही होती. शिवणयंत्राने ती दृढ केली. यंत्रावर झबले शिवणारी बाई 'शिवणकाम शिकलेली' ठरली. अंगणात बसून गोधडी घालणारी तिची आई अडाणीच राहिली.

गोधडीचा खरा प्रतिस्पर्धी मात्र यंत्र नव्हे. तो दारात येत असे, किंबहुना येत असे ती बोहारीण. डोक्यावर भांड्यांची पाटी, काखेत कपड्यांचे गाठोडे. जुने कपडे घ्यावयाचे आणि नवे भांडे द्यावयाचे. आधी जर्मनचे, मग स्टीलचे, पुढे प्लास्टिकचे. घासाघीस अशी की एका वाटीसाठी अर्धी दुपार जाई. बोहारणीने नेलेले कपडे धुऊन, सांधून जुन्या बाजारात पुन्हा विकले जात. जरीच्या पदरातून चांदी काढली जाई. अगदीच गेलेले कारखान्यात यंत्रे पुसावयास जाई. म्हणजे तिच्याकडेही काही वाया जात नसे. फरक इतकाच, की ते घरातून बाहेर जाई. प्रत्येक जुन्या लुगड्यापुढे गृहिणीला प्रश्न पडे: पांघरूण की पातेले? बाजारातून रजई विकत घेण्याची ऐपत आली तेव्हा पातेल्याचा पक्ष जड झाला, आणि त्याबद्दल त्या गृहिणीला दोष देता येणार नाही. महिनाभर डोळे फोडून जे मिळवावयाचे, ते दारात अर्ध्या तासात मिळत होते.

शेवटचा घाव घातला तो धाग्याने. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नायलॉन, टेरिलीन आणि पॉलिएस्टरचे कापड स्वस्त झाले. ते विरत नाही, चुरगळत नाही, लवकर वाळते. कामकरी बाईला याहून सोयीचे काय? परंतु गोधडीला विरणारे कापड लागते. कृत्रिम धाग्याचे पातळ दहा वर्षांनीही मऊ होत नाही, घाम टिपत नाही, थर एकमेकांवरून सरकतात. जानेवारी १९८२ मध्ये मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणीकामगारांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतर गिरणगावाची जी वाताहत झाली ती सर्वविदित आहे. नागपूरची एम्प्रेस मिल २००२ मध्ये बंद झाली. ज्या गिरण्यांच्या स्वस्त सुती कापडावर गोधडी वाढली, त्या एकामागून एक थंडावल्या.

आणि तरीही गोधडी मेली नाही. तिने मालक बदलला. आज ती शहरातल्या दुकानात 'हस्तकला' म्हणून मांडलेली दिसते. गीता खंडेलवाल यांचे महाराष्ट्रातील गोधड्यांवरचे सचित्र पुस्तक २०१३ साली निघाले, तेही फ्रान्समधल्या प्रकाशकाकडून. मराठी मुलखाला स्वतःचे पांघरूण दाखवावयास इतक्या दुरून कोणी यावे लागले. अमेरिकेत अलाबामा राज्यातील जीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी कामाच्या जुन्या कपड्यांतून घातलेल्या गोधड्या २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागल्या आणि समीक्षकांनी त्यांची तुलना आधुनिक चित्रकलेशी केली. आपल्या शेजारी, उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर-हल्याळच्या बाजूला राहणारे आफ्रिकी वंशाचे सिद्दी लोक 'कवंदी' घालतात. त्यांची सुईही कोपऱ्यापासून निघून कडेकडेने मध्याकडे येते, आणि शेवटी चारही कोपऱ्यांवर दुमडलेल्या त्रिकोणी चिंध्यांची 'फुले' लावल्यावाचून त्यांच्या दृष्टीने गोधडी उघडी राहते. इतके करून घालणाऱ्या बाईच्या हाती काय पडते, हा प्रश्न दुकानातल्या चिठ्ठीवर नसतो. पूर्वी शून्य मजुरी होती म्हणून रकाना नव्हता; आता किंमत आहे, तरी नाव बहुधा नसते.

रायपुरातल्या मराठी घरांतून, तशीच छत्तीसगडी घरांतूनही, जुन्या गोधड्या अजून माळ्यावर किंवा पेटीच्या तळाशी सापडतात. त्या उसवून पाहिल्या तर एक गोष्ट ध्यानात येते. गोधडी फाटली म्हणून ती टाकीत नसत; तिच्यावर दोन्ही बाजूंनी नवे तोंड घालून ती पुन्हा शिवून काढीत. त्यामुळे वरचे पॉलिएस्टरमिश्रित पातळ उचलले की खाली गिरणीचे छीट लागते, त्याखाली कंट्रोलच्या दिवसांतला मांजरपाट, त्याच्याही खाली केव्हातरी हातमागावर विणलेल्या लुगड्याचा करवतकाठी तुकडा, आणि प्रत्येक थराचा दोरा निराळ्या रंगाचा, निराळ्या हाताचा. वरचा टाका लांब आहे, आतला बारीक. सुनेचा हात आणि सासूचा हात टाक्यावरून ओळखणाऱ्या बायका त्या घरांतून अजून आहेत.